चार नंबरची लिफ्ट रिकामी आहे

आमच्या बिल्डिंगला पाच पहिले मजले होते. हसू नका. सात वर्षं मी तिथे लिफ्टचा मेकॅनिक होतो, आणि आजही कुणी मला विचारलं की त्या बिल्डिंगचा पहिला मजला कोणता, तर मी आधी त्यालाच विचारतो, बाबा, तू आलास कुठून?

स्टेशनचं नाव लिहीत नाही. आमच्या मळवलीहून पुण्याकडे लोकलने गेलं की थोड्या वेळात लागतं, एवढं पुरे. तिथे फलाटाला लागून हे अठरा मजली प्रकरण उभं राहिलं. खाली दुकानं, त्यावर हॉटेल आणि समारंभाचा हॉल, त्यावर ऑफिसं, आणि सगळ्यांच्या डोक्यावर फ्लॅट. रेल्वेच्या पुलावरून आलात तर तुम्ही थेट दुकानांत उतरता, म्हणजे तो तुमचा तळमजला. रिक्षा स्टँडकडून आलात तर तीच दुकानं दोन जिने वर. हॉटेलवाले त्यांच्या रिसेप्शनपासून मोजणार, ऑफिसवाले त्यांच्या दारापासून, आणि फ्लॅटवाले म्हणणार, आमच्याखाली जे आहे ते मजले नव्हेतच, तो बाजार आहे. आता बोला! लिफ्टच्या मशीनला यातलं काहीच कळत नाही. ती बिचारी खालच्या खड्ड्यापासून थांबे मोजते. शून्य, एक, दोन, तीन.

परंदवडीचा एक दूधवाला होता. त्याला सांगितलं होतं, पहिल्या मजल्यावर दोन लिटर. आठवडाभर तो इमानदारीने दूध हॉटेलच्या स्वयंपाकघरात देत होता, आणि फ्लॅटमधल्या बाई रोज मला फोन करून विचारत होत्या की तुमच्या लिफ्टमध्ये दूधवाला अडकलाय का. हॉटेलवाल्यांनी आठवडाभर त्या दुधाचा चहा केला, एकानेही विचारलं नाही की हे कुणाचं. मी स्वतः पहिल्या सहा महिन्यांत किती वेळा चुकलो ते सांगत नाही. गाववाले मला मिस्त्री म्हणायचे आणि मी जिन्यात उभा राहून बोटं मोजायचो.

दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, मुलाणी, तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा. गमती आहेत. त्यांतली एक गंमत नाही, तीच लिहायला बसलोय.

आधी धंदा सांगतो, कारण लोकांच्या डोक्यात भलतंच असतं. दोर तुटला आणि लिफ्ट धाडकन खाली आली, असं सहसा होत नाही. दोर एक नसतो, चार-पाच असतात, आणि एकेक दोर सगळी केबिन पेलू शकतो. दुसऱ्या टोकाला वजन लटकवलेलं असतं, ते खाली गेलं की केबिन वर येते. ती प्रमाणाबाहेर जोरात धावायला लागली तर दोन्ही बाजूंचे जबडे लोखंडी रुळांना गच्च धरतात आणि ती जागच्या जागी थांबते. म्हणून अडकलेला माणूस खरं तर सुरक्षित असतो. त्याला ते पटत नाही, ही गोष्ट वेगळी. अपघात होतो तो घाई करणाऱ्यांचा, दारं ओढणाऱ्यांचा आणि आम्हा मेकॅनिक लोकांचा. माझे उस्ताद मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, ‘‘मेन स्विच पाडायच्या आधी केबिनमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. कुणी काहीही सांगू दे. आपण बघायचं.’’ तिकोनी चावी असते, ती दाराच्या भोकात घालून फिरवली की बाहेरचं दार उघडतं. अर्ध्या मिनिटाचं काम.

आता वहाणांचं सांगतो. ज्यांच्या जमिनीवर बिल्डिंग उभी राहिली त्या गावकऱ्यांना वर दहाव्या मजल्यावर फ्लॅट मिळाले होते. हो, फ्लॅटवाल्यांचा दहावा नव्हे, लिफ्टच्या बटणावरचा दहावा. ही मंडळी राहायला आली आणि पहिल्याच दिवशी घोळ झाला. लिफ्टमध्ये शिरण्याआधी सगळ्यांनी पायतणं दाराबाहेर काढली. दार मिटलं. माणसं दहाव्यावर, वहाणा खाली. संध्याकाळी वॉचमनच्या टेबलाखाली अकरा जोड जमले होते आणि अनवाणी माणसं आपापला जोड शोधत होती. मी पोट धरधरून हसलो. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘तुमी पयल्यांदा बसला तवा काय केलतं?’’ मी विषय बदलला.

पण नंतर मला त्या वहाणांचा उपयोग कळला. वीज गेली, लिफ्टा अडकल्या, की मी आधी दारांपुढची फरशी बघायचो. चार नंबरपुढे दोन जोड, म्हणजे चार नंबरमध्ये दोन माणसं. एकदा दोघी जावा अडकल्या. फोन दोघींकडेही नव्हता. बाहेरचे जोड बघून मी त्यांना पाच मिनिटांत काढलं. थोरली म्हणाली, ‘‘भाऊ, तुमाला कसं कळलं ओ?’’ मी उगाच गंभीर चेहरा केला. हळूहळू माझी सवयच झाली. वहाणा दिसल्या तर माणूस आहे, नाही दिसल्या तर नाही. तिकोनी चावी कमरेलाच राहायला लागली.

वर्ष-दोन वर्षांत बाकीची मंडळी शहाणी झाली, वहाणा घालून लिफ्टमध्ये जायला लागली. राहिले एकटे किसन आबा. वय पंचाहत्तरच्या पुढे, हातात काठी, अंगात सदरा. रोज सकाळी दहाव्यावरून खाली यायचे, स्टेशनच्या पुलाजवळ कट्ट्यावर चार जुनी माणसं जमायची त्यांच्यात बसायचे, दुपारी जेवायला वर जायचे. आणि चार नंबरपुढे वहाणा काढायच्या म्हणजे काढायच्या. इकडे सोसायटीचे सेक्रेटरी साहेब रोज माझ्या मानगुटीवर. ‘‘मुलाणी, ही लॉबी आहे की एसटी स्टँड? तुमचं ऐकतात ते. सांगा त्यांना.’’

मी सांगायला गेलो. आबांशी बोलताना माझी जीभ आपोआप घरची होते.

‘‘आबा, समदी वहाना घालून जात्यात. तुमीच का काडताय?’’

‘‘हितं माजं खळं हुतं,’’ आबा म्हणाले. काठीने त्यांनी चार नंबरच्या दारापुढे फरशीवर गोल दाखवला. ‘‘हितनं तितवर. खळ्यावर पायतान घालून जातंय का कोन?’’

मला ते माहीत होतं. खळं म्हणजे भात झोडायची जागा. शेणाने सारवून चोपून चोपून गुळगुळीत केलेली. आमच्या मळवलीच्या शेतातसुद्धा माझ्या बापाने कडेला चपला काढल्याशिवाय कुणाला खळ्यात पाऊल टाकू दिलं नाही, मग तो तलाठी असो नाही तर जावई. आबा अडाणीपणाने वहाणा काढत नव्हते. त्यांना पक्कं ठाऊक होतं आपण कुठे उभे आहोत. त्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये तेवढं एकट्या त्यांनाच ठाऊक होतं.

एवढं कळूनही मी काय केलं? अक्कल पाजळली. म्हटलं, ‘‘आबा, खळं ऱ्हायलं खाली. लिफ्ट काय त्याच्यावर टेकत न्हाई, ती दोरावर लोंबतीया. तुमी आत गेला की हवेत असता. हवेत कुटलं आलंय खळं?’’

आबांनी काठी फरशीवरून उचलली. मग म्हणाले, ‘‘तू मिस्त्री मानूस. तू म्हनतोस म्हंजी तसंच आसंल.’’ आणि वहाणा पायात घालून आत गेले. सेक्रेटरी साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मलाही वाटलं, वा रे दस्तगीर, लय मोठं काम केलंस.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी श्रावणातला एक रविवार आला. मावळातला पाऊस तुम्हाला सांगायला नको, तीन दिवस उघडीप नव्हती. हॉलमध्ये साखरपुडा होता. बाराच्या सुमारास कुठून तरी केबलच्या पाइपातून पाणी आत आलं, वीज गेली, जनरेटर लागला, बंद पडला, पुन्हा लागला. एवढ्या झटापटीत हॉटेलची दोन नंबरची लिफ्ट अडकली आणि तिच्यात नेमकी मुलाकडची मंडळी. आठ माणसं, साडीचं ताट, पेढे, फुलं. नवऱ्या मुलाच्या काकांचा फोन आला.

‘‘अहो, आम्ही पहिल्या मजल्यावर अडकलोय!’’

‘‘कुठल्या पहिल्या?’’

‘‘पहिल्या म्हणजे पहिल्या! किती पहिले असतात माणसाला?’’

मी हॉटेलच्या पहिल्यावर धावलो. नाहीत. ऑफिसांच्या पहिल्यावर धावलो. नाहीत. काका पुलावरून आले होते, ते कसं मोजत असतील याचा हिशेब लावत मी दुकानांच्या मजल्यावर आलो. तोवर हॉलच्या मॅनेजरचे तीन फोन, सेक्रेटरींचे दोन, आणि मुलीच्या आईचा एक, त्यात नुसतं रडणं. माझं डोकं म्हणजे भोंगा झालं होतं. तेवढ्यात खालून आमच्या वायरमनचा फोन. चार नंबरच्या खड्ड्यात पाणी चढतंय, लिफ्ट आपली आपण थांबलीय, शॉर्ट होईल, मेन पाडू का?

मी तेव्हा चार नंबरच्या दारापुढेच उभा होतो. केबिन आतमध्ये माझ्यापासून हातभर वर थांबलेली. मी फरशी बघितली. फरशी स्वच्छ. एकही जोड नाही. कमरेला चावी होती. मी फोनवर म्हणालो, ‘‘चार नंबर रिकामी आहे. पाड.’’

आणि पुढे धावलो.

मुलाकडच्यांना काढलं. काका बाहेर येता येता ओरडत होते, ‘‘मुहूर्त टळला आमचा! कोण भरून देणार?’’ नवरा मुलगा मागून कळवळून म्हणत होता, ‘‘काका, आधी सरका तरी, मला बाहेर येऊ द्या.’’ सगळे हसले. हॉलमध्ये नेऊन मला पेढा दिला. मी खाल्ला. मुलीच्या आईने आग्रह केला म्हणून दुसराही खाल्ला. हे मुद्दाम लिहितोय.

अडीचच्या पुढे सुनंदा खाली आली. सुनंदा म्हणजे आबांची सून, एका कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला जाते, त्या दिवशी सुट्टी होती.

‘‘दस्तूभाऊ, आबा दिसलं का? सकाळी खाली गेलतं, बाराला वर येतो म्हनलं हुतं. जेवाय आलं न्हाईत.’’

‘‘कट्ट्यावर बसलं असत्याल.’’

‘‘बगून आले. कोनीच न्हाई पावसाचं.’’

मी म्हणालो, ‘‘लिफ्टनं न्हाई गेलं. त्यांच्या वहाना कुटं दिसल्या न्हाईत मला.’’

ती म्हणाली, ‘‘वहाना पायात असत्याल की. तुमीच न्हवं का सांगितलं घालून जात जावा म्हून?’’

पळालो कसा ते आठवत नाही. दार उघडलं, मोबाइलची बॅटरी आत मारली. आबा खाली बसलेले. सदरा घामाने अंगाला चिकटलेला. आत दिवा नाही, पंखा नाही, अडीच तास. मी हाका मारल्या, ‘‘आबा! आबा!’’ त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ओळख दिली नाही. मला वाटलं उजेडाने डोळे दिपले असतील.

दवाखान्यात दोन दिवस ठेवून डॉक्टरांनी घरी पाठवलं. जीव वाचला. पण सोसायटीत चौकशी बसली. सेक्रेटरी साहेबांनी कागद तयार केला. त्यात लिहिलं होतं की गृहस्थ वयोवृद्ध असून एकटे होते, त्यांनी धोक्याच्या घंटेचं बटण दाबलं नाही, आणि मेकॅनिकने केबिन तपासून मगच वीज बंद केली. सही करा म्हणाले. मी केली. का केली? भीती वाटली, सरळ सांगतो. चार नंबरची घंटेची बॅटरी मेल्यात जमा होती हेही मला माहीत होतं. नवी मागवा म्हणून दोनदा सांगितलं होतं, तिसऱ्यांदा सांगायचा कंटाळा केला होता.

मग ठराव झाला की आबांनी लिफ्टने एकट्याने जायचं नाही. मुलगा शिफ्टला, सूनबाई कँटीनला. म्हणजे दिवसभर आबा दहाव्या मजल्यावर. दहा मजले काठी टेकत उतरणार कोण? त्याहून वाईट पुढेच होतं. सुनंदा एकदा जिन्यात भेटली तेव्हा डोळ्याला पदर लावून म्हणाली, ‘‘भाऊ, त्यांचं डोस्कं ठिकान्यावर न्हाई आता. कायबी बोलत्यात. म्हनत्यात, मी लिफ्टमदी न्हवतोच. रिकामी हुती. डोस्क्याच्या डाक्टरला दावायचं म्हनतोय आमी.’’

रिकामी हा शब्द माझाच होता. तरी मी आठ दिवस काढले. आठ दिवस! दहाव्या मजल्याचं बटण दाबायचो, मग नवव्याचं दाबून तिथेच उतरायचो आणि परत यायचो. शेवटी एका सकाळी गेलो. आबा दारात खुर्ची टाकून लिफ्टच्या दाराकडे तोंड करून बसले होते.

‘‘आबा, घंटा न्हाई का दाबली तुमी?’’ मी विचारलं. बघा, तिथेही आधी स्वतःला वाचवायचा प्रश्न.

‘‘दाबली की. लय येळा दाबली. वाजलीच न्हाई.’’

‘‘मंग वरडायचं तरी.’’

‘‘वरडनारच हुतो. काठी उचललीती दारावर हानायला. तेवड्यात तुजा आवाज आला. ह्यो आसा, दाराच्या भाईर. म्हनलं, आला दस्तगीर, आता काडतोय मला.’’ आबांनी लिफ्टच्या दाराकडे काठी केली. ‘‘आन् तू म्हनलास, चार नंबर रिकामी हाय. मंग दिवा गेला.’’

मला तिथून उठून पळावंसं वाटलं.

‘‘मला कायबी उमगंना रं. तू मिस्त्री मानूस. तू म्हनलास खळं न्हाई, म्हनलं बरं, न्हाई. तू म्हनलास रिकामी हाय...’’ त्यांनी स्वतःचे गुडघे चाचपले. ‘‘मी आसंच गुडघं चाचपून बगितलं. गुडघं हुतं. मंग रिकामी कशी? अंधारात लय इचार केला. अजून करतोय. कुनाला इचारलं तर म्हनत्यात, आबा, पडून ऱ्हावा. तू तर तितंच हुतास. तूच सांग. तवा मी कुटं हुतो?’’

सात वर्षं मी लोकांना ते कुठल्या मजल्यावर आहेत हे सांगत होतो. मला रडू फुटलं. बाप गेला तेव्हा असा रडलो नव्हतो.

‘‘आबा, तुमी आतच हुता. म्या बगितलं न्हाई. भाईर वहाना दिसल्या न्हाईत म्हून रिकामी म्हनलो. दार उगडून बगायचं असतंय, म्या उगडलं न्हाई.’’

‘‘बगितलंच न्हाईस?’’

‘‘न्हाई.’’

मला वाटलं आता काठी बसणार. बसायलाच हवी होती. पण आबांचा चेहरा मोकळा झाला. म्हणाले, ‘‘आसं व्हय! म्हंजी मी हुतो.’’ आणि सुनंदाला हाका मारायला लागले, ‘‘सुनंदे, ए सुनंदे, ह्यो काय म्हनतोय ऐक! मी हुतो गं आत!’’ ती हात पुसत बाहेर आली. मी तिच्यासमोर सगळं पुन्हा सांगितलं. आबा म्हणाले, ‘‘आता समद्यास्नी सांग. मोट्यानं सांग.’’

त्याच रविवारी मीटिंगमध्ये मोठ्याने सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, ‘‘पण मुलाणी, तुम्ही केबिन तपासली म्हणून सही केलीय.’’ म्हटलं, ‘‘खोटी केलीय.’’ ठराव मागे घेतला गेला, घंटेची बॅटरी दोन दिवसांत आली, आणि माझी नोकरी गेली. लिफ्टच्या कंपनीचं काही चुकलं नाही. माझ्या हाताखालच्या माणसाने हे केलं असतं तर मीही त्याला ठेवला नसता. सुनंदाने माझ्याशी बोलणं टाकलं, अजून बोलत नाही. तिचंही काही चुकलं नाही. मग चुकलं ते सगळं एकट्या माझंच का, असा विचार करतो कधी कधी, आणि पेढ्यापाशी येऊन थांबतो.

आता मी घरी असतो. भात लावतो, जवळच्या बंगल्यांच्या पंपाची कामं करतो. परवा माझ्या जागी आलेल्या नव्या मेकॅनिकचा फोन आला. चांगला माणूस आहे, अडलं की विचारतो.

‘‘मुलाणीभाऊ, ते दहाव्या मजल्याचे आबा आहेत ना, त्यांचं काय करू? लिफ्टमध्ये बसले की प्रत्येक मजल्याला आतून ओरडतात. आत हाय रं मी, आत हाय! हॉटेलची गिऱ्हाइकं दचकतात. सेक्रेटरी म्हणतात बंद करा हे.’’

मी विचारलं, ‘‘तू काय करतोस ते ओरडले की?’’

‘‘काय करणार? ऐकतो.’’

‘‘नुसतं ऐकू नकोस,’’ मी म्हटलं. ‘‘ओ देत जा.’’